नव्वद मीटरची चिठ्ठी

"हे बरं, की हे?"

काकू हे कुठेही विचारायच्या. डोळे तपासताना विचारायच्या ते सोडा, तो त्यांचा धंदाच होता. पण भाजीच्या दुकानात दोन हातांत दोन वांगी धरून, काकांना दोन शर्ट दाखवून, रायफल क्लबच्या मीटिंगमध्ये दोन तारखा वाचून झाल्यावरसुद्धा हेच. विचारताना उजव्या हाताची दोन बोटं हवेत फिरायची, समोरच्याच्या नाकावरची काच बदलल्यासारखी. उत्तराला उशीर झाला की लगेच, "विचार करू नकोस. पहिलं काय वाटलं ते सांग."

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत त्या चष्म्याच्या डॉक्टर होत्या. मी तिथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर म्हणून नवा नवा लागलो होतो आणि मला नंबरचा सेफ्टी गॉगल हवा होता. मेन रोडवरच्या क्लिनिकमध्ये गेलो. अंधाऱ्या खोलीत एक ठेंगणी, पन्नाशी उलटलेली बाई पांढरा कोट घालून इंग्रजीत अक्षरं वाचायला सांगत होती. चौथ्या ओळीला माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. त्यांनी मशीन बाजूला सारलं.

"चिंचवड की निगडी?"

"चिंचवड."

"वाटलंच. जेवायला कधी येतोस?"

पर्थपासून गाडीने सहा-सात तासांवर, चहूकडे लाल माती आणि खुरटी झुडपं असलेल्या त्या गावात हे ऐकून मला खुर्चीतच भरून आलं. काकू म्हणाल्या, "डोळ्यात पाणी आणू नकोस. नंबर चुकतो."

काकू शुद्ध शाकाहारी. अंडंही नाही. क्लबच्या दर रविवारच्या बार्बेक्यूला त्यांचा तवा वेगळा, त्यावर कांदा आणि बिटाच्या टिक्क्या, आणि चिमट्याला लाल दोरा बांधलेला. सहा-सहा फुटांचे खाणकामगार त्या चिमट्याला हात लावायला घाबरायचे. आता तुम्ही विचाराल, अशी बाई रायफल क्लबात काय करत होती? तर ती सगळ्या गावाच्या बंदुका नीट लावून देत होती.

त्याची सुरुवात केव्हिनपासून झाली. केव्हिन हा गावाबाहेरच्या एका स्टेशनचा मालक. मेंढ्यांच्या अवाढव्य रानाला इथे स्टेशन म्हणतात. त्या रानात मोकाट बोकड फार माजतात, मेंढ्यांचा चारा-पाणी संपवतात, म्हणून मालक स्वतःही शिकार करतात आणि ओळखीच्यांनाही बोलावतात. सत्तरीचा केव्हिन एक दिवस क्लिनिकमध्ये आला आणि पिशवीतून रायफलचा स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसवायची ती लांबट दुर्बीण, काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "डॉक, यातून सगळं धुरकट दिसतं. माझे डोळे ठणठणीत आहेत, हा बघ."

काकूंनी दोन्ही बघितलं. स्कोप ठणठणीत होता. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता.

पर्थला जाऊन ऑपरेशन झालं, केव्हिनला लख्ख दिसायला लागलं, आणि त्याने पबमध्ये सगळ्यांना सांगितलं की डॉकने माझा स्कोप दुरुस्त केला. पुढच्या महिन्यात क्लिनिकमध्ये डोळ्यांपेक्षा स्कोप जास्त आले. काकू ओरडायच्या, "अरे, काढून कशाला आणलात? काढलात की लावलेलं सगळं बिघडलं! रविवारी रेंजवर या, बंदुकीसकट."

अशा त्या रेंजवर, म्हणजे क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर, जायला लागल्या. आधी त्या स्कोपबद्दल पुस्तकं मागवून वाचत बसल्या, मग क्लबच्या मेंबर झाल्या, मग परीक्षा देऊन लायसन्स काढलं. स्वतःची एकच लहान बोअरची रायफल, तीही कागदावर मारायला. काका सांगायचे, "लग्नात हिने मला विचारलं होतं, मुंगी मारतोस का. आता बघा."

रेंजवर काकूंची पद्धत ठरलेली असे. बायका बांगड्यांत सेफ्टी पिना अडकवतात ना, तशी काकूंच्या बांगडीत पिनांच्या जोडीला एक छोटी वाकडी किल्लीही असायची, स्क्रू आवळायची. कोणीही "स्कोप बिघडलाय" म्हणत आला की पहिल्यांदा स्क्रू. निम्म्या लोकांचा आजार तिथेच संपायचा. मग मोकळ्या आभाळाकडे बंदूक धरून स्कोपमध्ये क्षणभर बघायला लावायचं, डोळ्याजवळची काच थोडी फिरवायची आणि विचारायचं, आतली काळी फुली कशी दिसते, हे बरं की हे? फुली सुईसारखी रेखीव दिसली की मग गोळ्या.

स्कोपवर दोन चकत्या असतात. डोक्यावरची फिरवली की गोळी वर-खाली जाते, बाजूची फिरवली की डावी-उजवीकडे. प्रत्येक टकटक म्हणजे एक क्लिक. मॅन्युअलमध्ये त्याची काय काय गणितं असतात. काकू सांगायच्या, "एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर एक गव्हाचा दाणा. किती दाणे सरकायचंय ते बोल." गोळी फुलीच्या दोन बोटं वर लागेल असं शंभर मीटरला लावलं, की दोनशेला ती बरोबर फुलीवर उतरायची, अडीचशेला चार बोटं खाली, आणि तीनशेला जवळजवळ वीतभर. "तीनशेचं मला विचारू नका," काकू म्हणायच्या, "तिथे वारा विचारतो." बोटं आणि वितीचा हा हिशोब गावातल्या गोऱ्यांना इतका पाठ झाला होता की शिकारीहून आलेला माणूस फूट-इंच सोडून बोटं दाखवायचा.

शेवटी परीक्षा. काकू घरची बशी घेऊन यायच्या. ती कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढायचा. त्या गोलात पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतील, ते तुमचं अंतर. त्यापुढे जनावरावर बंदूक उचलायची नाही. क्लिनिकच्या पॅडवर, जिथे चष्म्याचा नंबर लिहितात तिथे, त्या मीटर लिहून सही करून द्यायच्या. केव्हिनने जाहीर करून टाकलं की माझ्या स्टेशनवर डॉकची चिठ्ठी असल्याशिवाय कोणी यायचं नाही. गावात लोकांना एकमेकांचे पगार माहीत नव्हते, पण चिठ्ठ्या माहीत होत्या.

यात खोडीही चालायची. आमच्या खाणीचा सुपरिंटेंडंट डॅरेन हा भयंकर आढ्यताखोर माणूस. त्याने जर्मनीहून स्कोप मागवला आणि तरी त्याच्या गोळ्या बशीबाहेर. "डॉक, यात फॅक्टरी फॉल्ट आहे." काकूंनी गंभीरपणे स्कोपला डोळा लावला, म्हणाल्या, "चार क्लिक उजवीकडे हवेत." टक टक टक टक. डॅरेनने समाधानाने मान हलवली आणि कानाला संरक्षण लावायला वळला. तेवढ्यात काकूंनी टकटक ऐकू जाऊ नये म्हणून खोकत चारही क्लिक परत डावीकडे आणले. डॅरेन आडवा झाला, पाच मारल्या, पाचही बशीत. उठून तो काकूंना उचलून घ्यायचाच बाकी होता.

मी हे पाहिलं होतं. चहाच्या वेळी हळूच म्हणालो, "काकू, तुम्ही तर काहीच केलं नाहीत."

"गप बस. त्याचा स्कोप पहिल्यापासून बरोबर होता. त्याचा स्कोपवर विश्वास नव्हता, म्हणून चाप ओढताना अंग आखडत होता."

"आणि क्लिनिकमध्येपण असंच करता?"

"छे! तिथे मी इमानदार. इथे मी हौशी आहे."

मलाही ती हवा लागली. शिफ्टमधले माझे दोन मेट, म्हणजे दोस्त, दोघेही जुने शिकारी, येता-जाता रानातल्या गोष्टी सांगायचे आणि मी ऐकत राहायचो. वर्षभराने लायसन्स काढलं, रायफल घेतली, स्कोप घेतला आणि रविवारी मोठ्या रुबाबात रेंजवर हजर झालो. काकूंनी माझ्या बंदुकीचे स्क्रू आवळले, आधी पंचवीस मीटरवर, मग शंभरवर स्वतः तीन-तीन गोळ्या मारल्या, सहा दाणे वर आणि दोन दाणे डावीकडे सरकवलं, दोनशेवर परत तीन. तिन्ही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या असत्या.

"बंदूक दोनशेला तयार आहे," त्या म्हणाल्या. "आता तू दाखव."

माझ्या गोळ्या कागदभर फिरून आल्या. मी म्हणालो, वारा आहे. काकू म्हणाल्या, असेल. "मी भरून देते, तू फक्त मार." पहिली गोळी ठो करून गेली. दुसऱ्या वेळी मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं टक्क झालं. काकूंनी मुद्दाम रिकामं काडतूस भरलं होतं. बंदूक शांत होती, मी मात्र डोळे गच्च मिटून, खांदा वर उचलून, नळीचं तोंड पार जमिनीकडे नेऊन पडलो होतो. मागे बाकावर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"इंजिनियर," काकू म्हणाल्या, "गोळी सुटलीच नाही तरी तू दचकलास. रोज घरी रिकाम्या बंदुकीचा सराव कर."

आणि मला चिठ्ठी मिळाली. 90 मीटर.

नव्वद! डॅरेनला दीडशे होते. माझ्या एका मेटला अडीचशे. खाणीच्या कँटीनमध्ये मी ती चिठ्ठी खिशातून बाहेर काढू शकत नव्हतो. पंधरा दिवसांनी केव्हिनच्या स्टेशनवर जायचं ठरलं तेव्हा आदल्या दिवशी मी निळं पेन घेतलं आणि नव्वदच्या अलीकडे एक उभी रेघ ओढली. एकशे नव्वद. फार सोपं होतं. सराव मी दोनदाच केला होता.

स्टेशनवर काकूही आल्या होत्या, केव्हिनच्या बायकोचे डोळे बघायला. म्हातारीला गावात यायचा त्रास काकूंना द्यायचा नसायचा. सकाळी निघताना केव्हिनने सगळ्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या, माझी बघून शीळ घातली आणि ती काकूंना दाखवली. काकूंनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मीपण येते तुमच्याबरोबर. दुर्बीण आहे माझी." आणि यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्या गाडीत, पुढे जाऊन बसल्या.

तासाभराने बोकडांचा कळप दिसला. एक मोठा, करड्या रंगाचा, बाजूला उभा. मेटने अंतर मोजलं, दोनशेला थोडं कमी. "तुझाच, मेट," तो म्हणाला. मागे वळून काकूंकडे बघायचं धाडस मला झालं नाही. आडवा झालो. फुली अगदी सुईसारखी, बोकडाच्या खांद्यामागे. आणि चाप ओढताना मी डोळे मिटले. ते मला तेव्हाच कळलं.

डोळे उघडले तेव्हा कळप पळत होता आणि तो करडा बोकड मागचा पाय ओढत त्यांच्या मागे जात होता. झुडपांत शिरला आणि दिसेनासा झाला.

काकू यूटमधून उतरल्या, टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली.

"तुम्ही सगळे इथेच थांबा," त्या केव्हिनला म्हणाल्या. "आम्ही दोघं जाऊन येतो. चल रे."

ऊन चढलं होतं. लाल मातीवर रक्ताचा ठिपका दिसत नाही. मला तर एकही दिसत नव्हता. काकू वाकून चालायच्या, थांबायच्या, एका पानाकडे बोट दाखवायच्या आणि पुढे जायच्या. ज्या बाईने मला वर्षभर श्रीखंडापासून थालीपिठापर्यंत सगळं खाऊ घातलं, तिची ती गप्प पाठ बघत मी अडीच तास चाललो. शेवटी मीच म्हणालो, "काकू, त्या चिठ्ठीवर मी..."

"माहीत आहे. माझ्या एकला वर शेंडी असते. तुझा टकला आहे."

हसावं की रडावं मला कळेना. "मग सकाळीच का नाही अडवलंत?"

त्या थांबल्या. पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. चेहरा घामाने निथळत होता.

"मला वाटलं, मला गाडीत बसलेली बघून तू स्वतःच लाजशील. नाही म्हणशील. तू लहान आहेस का सगळ्यांसमोर बोलायला, असं वाटलं मला." मग हळू आवाजात, "चुकलं माझं. बोलायला हवं होतं. त्या मुक्या जिवाला काय, कोणाचं चुकलं ते?"

बोकड एका झाडाच्या सावलीत बसलेला सापडला. आम्हाला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चाळीस पावलांवर काकूंनी मला थांबवलं.

"मी मारू शकते," त्या म्हणाल्या. "पण तू मारायला हवं. जमेल?"

मी आडवा झालो. फुली झाडभर फिरत होती. काकू माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, पूर्ण तळवा ठेवला.

"श्वास घे. सोड. सगळा नको, अर्धा. आता थांब. बघत राहा. शेवटपर्यंत बघत राहा."

मी बघत राहिलो. या वेळी डोळे मिटले नाहीत. ते एका गोळीत झालं.

काकू उठल्या, जवळ गेल्या, टोपी काढली. परतताना बाटलीतलं उरलेलं पाणी मला दिलं आणि मी न विचारताच बोलू लागल्या. त्या या गावात आल्या तेव्हा पहिल्याच वर्षी केव्हिनच्या रानात जबडा फुटलेला एक बोकड त्यांनी जिवंत पाहिला होता. कोणीतरी लांबून मारून, बघायलाही न जाता निघून गेलं होतं. "मारू नका म्हणून मी कितीही सांगितलं असतं तरी इथे कोणी ऐकलं नसतं. मग म्हटलं, नीट मारा एवढं तरी सांगू. त्यासाठी आधी शिकावं लागलं." थोडं चालून म्हणाल्या, "तुला वाटतं मला हे आवडतं?"

यूटपाशी पोचल्यावर मी केव्हिनला चिठ्ठीचं खरं सांगितलं. त्याने एक शब्द वापरला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. काकू मधे पडल्या नाहीत. त्या पुढच्या सीटवर बसून दशम्या सोडत होत्या. एक माझ्या हातात आली, पण ती नेहमीपेक्षा जरा जोरात आली.

त्या आठवड्यात मला नवी चिठ्ठी मिळाली. त्यावर मराठीत लिहिलं होतं, अक्षरी, "नव्वद मीटर फक्त", आणि दोन्ही बाजूंना रेघा मारून जागा बंद केली होती. पुढे सगळ्या गावालाच अक्षरी चिठ्ठ्या मिळू लागल्या, आणि डॅरेनसारखा माणूस कँटीनमध्ये "एक-शे-पन्-नास" वाचायला शिकला. यामागचं कारण काकूंनी कोणाला सांगितलं नाही. मी सहा महिने रोज संध्याकाळी रिकाम्या बंदुकीचा सराव केला. शेवटी एकदाची पाच गोळ्यांनी बशी भरली, दीडशेवर. काकूंनी बशीचा तो कागद घरी नेला. शिकारीला मात्र मी परत फारसा गेलो नाही. रेंजवर जात राहिलो.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. मुलगी मेलबर्नला, डँडेनॉन्गजवळ, तिला दुसरं बाळ झालं, आणि काकूंनी क्लिनिक एका तरुण मुलीच्या हाती देऊन सामान बांधलं. रेंजवर निरोपाचा बार्बेक्यू झाला. डॅरेन भाषण करायला उभा राहिला आणि दोन वाक्यांत बसला. केव्हिन आला नाही. त्याने निरोप पाठवला की मला नीट दिसत नाहीये, गाडी चालवता येणार नाही. काकू म्हणाल्या, "लबाड आहे. त्याला आता माझ्यापेक्षा लांबचं दिसतं." आणि त्याच संध्याकाळी गाडी काढून त्याच्या स्टेशनवर जाऊन आल्या.

मेलबर्नहून त्यांचा फोन येतो. नातवंडं कशी इंग्रजीतच उत्तरं देतात, भाजी कशी सगळी मिळते, मेथीसुद्धा. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "पण इथे सगळं सहा मीटरवर आहे रे, डोळे तपासायच्या तक्त्यासारखं. कुंपण सहा मीटरवर, शेजारी सहा मीटरवर, जावई सहा मीटरवर. लांब बघायला काही नाहीच. डोळे आंबतात."

तेव्हापासून मी एक करतो. रविवारी रेंजवरून परतताना गाव यायच्या आधी गाडी कडेला लावतो, खाली उतरतो आणि समोरच्या मोकळ्या रानाचा फोटो काढून त्यांना पाठवतो. त्यात काही नसतं. लाल माती, झुडपं, आणि त्यापलीकडे आभाळ लागेपर्यंत नुसतं अंतर.

गेल्या रविवारी पाठवला तेव्हा बराच वेळ उत्तर आलं नाही. बाळाला निजवत असतील म्हणून मी गाडी चालू केली. तेवढ्यात फोन वाजला.

"उजवीकडे, क्षितिजाच्या जरा खाली," काकूंनी लिहिलं होतं, "इमू आहे. तुला दिसला नाही ना?"

मी गाडी बंद केली आणि फोटो बोटांनी मोठा करत करत पाहिला. होता.